कारखान्यातली तेलगळती : पावसाळ्याआधी आराखडा कसा करायचा

निपाणीकडच्या एका कारखान्याच्या तेलगळती आराखड्यात मी हे वाक्य वाचलंय : ‘भरतीच्या वेळी तरंगता अडसर किनाऱ्याला समांतर लावावा.’ निपाणीला वेदगंगा जवळ आहे, समुद्र नाही. कुठल्यातरी बंदराची फाइल उचलून वर नाव बदललं होतं आणि नंतर कुणी पान उलटलं नव्हतं.

बेळगावजवळच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यातल्या मशीनशॉप आणि फाउंड्रीवाल्यांच्या चुका इतक्या मजेशीर नसतात, पण मूळ तेच. कामाचा क्रम उलटा असतो. आधी सांडलेलं तेल टिपायचं पिवळ्या पेटीतलं किट विकत घ्यायचं, मग फाइल करायची, आणि आपल्या आवारातलं पाणी जातं कुठे हे पहिल्या मोठ्या पावसात कळून घ्यायचं. खाली दिलेला क्रम याच्या उलट आहे. मे महिन्यात सुरुवात करा, म्हणजे मृगाच्या आधी हात मोकळे होतील. पंधरा-वीस माणसांच्या शेडला आठवडा पुरतो. साखर कारखान्याएवढं आवार असेल तर महिना धरा.

## टप्पा १ : आधी पाण्याची वाट शोधा

सांडलेलं तेल आपणहून फार लांब जात नाही, त्याला पाणी नेतं. म्हणून पहिला दिवस तेलाच्या टाक्यांपाशी न घालवता गटारांवर घालवा.

एक गोष्ट सांगतो. तेव्हा मी एका कारखान्यात मेंटेनन्स बघायचो. जुलैचा महिना, तिसरी शिफ्ट. प्रेसच्या पॉवर पॅकचा (तेलाचा पंप आणि टाकी यांचा संच) होज फुटला आणि साठेक लिटर हायड्रॉलिक तेल जमिनीवर आलं. पोरांनी भुसा टाकला, बराचसा उचलला आणि उरलेलं पाइप लावून धुऊन काढलं. सकाळी फरशी चकाचक. दहाच्या सुमाराला गेटवर एक शेतकरी आला. त्याने पाण्याची प्लास्टिकची बाटली टेबलावर ठेवली. खाली गढूळ पाणी आणि वर बोटभर जाडीचा तपकिरी थर. म्हणाला, “साहेब, माझ्या भातात आलंय हे. वास घेऊन बगा, तुमचंच आहे.” आमचं सांडपाणी महापालिकेच्या गटाराला जातं, असं आम्ही त्याला ठासून सांगितलं. तो काही न बोलता आम्हाला कंप्रेसर रूमच्या मागे घेऊन गेला. तिथे एक चेंबर होतं. ते बुजलेलं आहे असं सगळे धरून चालले होते. त्यातून कंपाउंडच्या भिंतीखालून एक पाइप थेट ओढ्यात निघत होता. नकाशात ते चेंबरच नव्हतं.

तेव्हापासून मी नकाशावर विसंबत नाही. पद्धत अशी :

१. एका माणसाने टँकर तेल उतरवायला थांबतो त्या जागेपासून, दुसऱ्याने बॅरल ठेवायच्या जागेपासून सुरुवात करावी. दोन-दोन बादल्या पाणी ओता आणि त्यावर मूठभर भाताचं तूस टाका. तूस तरंगतं, तेलही तरंगतं. तूस जिथे जाईल तिथे चालत जा.

२. प्रत्येक गटार, चेंबर, छपराच्या पन्हाळाचा पाइप आणि भिंतीतलं भोक कागदावर घ्या. झाकण उघडून बघा, ‘बंद आहे’ हे कुणाच्या सांगण्यावर लिहू नका.

३. कंपाउंडच्या बाहेर पडा. पाणी शेवटी कुठे पोचतं ते नाव लिहा. बळ्ळारी नाला पावसाळ्यात फुगला की शहापूर, वडगाव, अनगोळच्या भातशेतात पसरतो आणि पुढे मार्कंडेयला, तिथून घटप्रभेला मिळतो. खानापूरच्या बाजूला मलप्रभा, संकेश्वरला हिरण्यकेशी, चिकोडीच्या अंगाला दूधगंगा. नदीचं नाव आराखड्यात लिहिलेलं असलं की वाचणाराही जरा सावध वाचतो.

४. पाऊस पडत असताना, छत्री घेऊन, हेच परत करा. कोरड्या दिवशी उताराची जी बाजू वाटते ती पावसात दुसरीच निघू शकते.

तपासणी : कंपाउंडबाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाटेला तुमच्या नकाशावर क्रमांक आहे का? ती वाट पाच मिनिटांत कशाने बंद करता येईल, ते समोर लिहिलंय का?

## टप्पा २ : तेलाची मोजदाद

यादी सगळेच करतात. डिझेलची टाकी, फर्नेस ऑइलची टाकी, बॅरल. सुटतात ते हे : डीजी सेटची (डिझेल जनरेटरची) डे टँक म्हणजे रोजच्या वापराची छोटी टाकी, ट्रान्सफॉर्मर, पॉवर पॅकच्या टाक्या, क्वेंचिंगची (तापलेला माल तेलात बुडवून गार करायची) टाकी, कंप्रेसरमधून निघणारं तेलकट पाणी, चिप्सच्या (कापताना निघालेल्या धातूच्या किसाच्या) ढिगाखाली साचलेलं तेल, आणि मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली, ‘जवळजवळ रिकामी’ असलेली जुन्या तेलाची बॅरल. २१० लिटरच्या बॅरलमध्ये तळाला चार बोटं तेल राहिलं तरी वीस लिटर होतं.

प्रत्येक नगापुढे चार गोष्टी हव्यात : तेल कोणतं, जास्तीत जास्त किती लिटर, भांडं कशाचं नि किती जुनं, आणि फुटलं तर टप्पा १ मधल्या कोणत्या वाटेने जाईल. चौथा रकाना नसलेली यादी म्हणजे स्टोअरचा स्टॉक.

डिझेलबाबत एक मर्यादा ठाऊक ठेवा. पेट्रोलियम कायद्याप्रमाणे एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत, आणि कोणतंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तरच परवान्याशिवाय डिझेल साठवता येतं. डीजी सेट वाढवला की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते.

आणि गळतीला ‘थेंब’ म्हणून सोडू नका. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरच्या आसपास. पन्नास-पंचावन्न दिवसांत बॅरल संपलं.

## टप्पा ३ : प्रत्येक जागेची सगळ्यात वाईट गळती

इथे फार वेळ घालवू नका. प्रत्येक जागेला एकच प्रश्न विचारा : इथे एका वेळेला जास्तीत जास्त किती तेल बाहेर येईल, आणि किती वेळात? टाकी फुटली तर अख्खी टाकी. होज फुटला तर पंप बंद होईपर्यंतचं तेल. मिनिटाला ६० लिटरचा पंप असेल आणि त्याचा स्विच शेडच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर माणूस धावत पोचेपर्यंत शंभर लिटर गेलेलं असतं. यातून सगळ्यात स्वस्त दुरुस्ती सापडते : बंद करायचा दुसरा स्विच पंपापाशी बसवा.

## टप्पा ४ : अडवण

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

टाकीभोवतीची बंधारा भिंत, म्हणजे डाईक. ढोबळ नियम असा की आतल्या सगळ्यात मोठ्या टाकीच्या ११० टक्के तेल भिंतीच्या आत मावलं पाहिजे. पण आपल्याकडे डाईक उघड्यावर असतो आणि पाऊस बेळगावचा असतो, म्हणून हिशेब पाण्यासकट करा.

समजा ५,००० लिटरची फर्नेस ऑइलची टाकी आहे. डाईक ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, अर्धा मीटर उंच. आत ६,००० लिटर मावतात. ११० टक्के म्हणजे ५,५००, म्हणून कागदावर पास. आता एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस पडला असं धरा. बारा चौरस मीटरवर १,२०० लिटर पाणी साचलं. उरली जागा ४,८०० लिटर. टाकी फुटली तर दोनशे लिटर भिंतीवरून बाहेर. भिंत आणखी १० सेंटीमीटर चढवली की ७,२०० लिटर होतात आणि प्रश्न मिटतो. वर पत्रा टाकला तर त्याहून बरं.

आत दुसरी टाकी, सिमेंटचा पाया किंवा पायऱ्या असतील तर त्यांनी अडवलेली जागा वजा करा. आणि डाईकच्या आत रिकामी बॅरल, जुनी मोटर, चुन्याची पोती ठेवायची सवय मोडा. रिकामी बॅरल जागाही खातात आणि तरंगून पाइपही तोडतात.

भिंतीतला नळ. डाईकमधलं पावसाचं पाणी काढायला व्हॉल्व्ह लागतोच. तो भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, कायम बंद, कुलपात. किल्ली शिफ्ट इनचार्जकडे. पाणी सोडण्याआधी वर तवंग नाही ना ते बघायचं, सोडताना माणूस तिथे उभा राहायचा, आणि वहीत वेळ नि सही. मी पाहिलेल्या निम्म्या डाईकचे व्हॉल्व्ह पावसाळाभर उघडे होते, ‘पाणी तुंबतं म्हणून’. उघड्या व्हॉल्व्हचा डाईक म्हणजे नुसती भिंत. याहून वाईट म्हणजे गवंड्याला सांगून तळाशी पाडलेलं भोक. ते आधी सिमेंटने बुजवा, मग बाकीचं वाचा.

इशारा : टाकी उंच आणि भिंत अगदी लगत असेल तर वरच्या भागातून सुटलेली चिळकांडी भिंतीच्या पलीकडे जाते. अशा ठिकाणी भिंत लांब सरकवा किंवा मध्ये पत्रा उभा करा.

बॅरल. आडवी ठेवत असाल तर दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी हवीत, म्हणजे दोन्ही तेलाखाली राहतात आणि हवा-ओल आत जात नाही. उभी नि उघड्यावर ठेवलीत तर माथ्यावर पाणी साचतं, आणि दिवसा तापून रात्री गार होताना बॅरल ते पाणी बुचातून आत ओढतं. तेल खराब होतं आणि दोष सप्लायरला जातो. उभी ठेवायचीच असतील तर एका बाजूने खाली लाकूड घालून तिरकी करा, बुचं पाण्याच्या वर राहतील अशी.

तेल अडवणारी टाकी. आवाराबाहेर जाणाऱ्या पावसाच्या गटारावर शेवटी एक दोन कप्प्यांची टाकी बांधा. पहिल्या कप्प्यातून दुसऱ्यात पाणी नेणाऱ्या पाइपचं तोंड एल्बो (काटकोनी जोड) लावून खाली वळवा. पाणी तळातून जातं, तेल वर अडकतं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, वर साचलेलं तेल उपसलं नाही तर पहिल्या जोराच्या पावसात सगळं एकदम बाहेर पडतं. दोन, आणि ही मशीनशॉपवाल्यांनी नीट वाचा : पाण्यात मिसळणारं कूलंट (धातू कापताना गार ठेवायला सोडतात ते द्रव) तरंगत नाही. दुधासारखं पांढरं पाणी होऊन ते या टाकीतून सरळ निघून जातं. कूलंटसाठी वेगळा खड्डा, वेगळी विल्हेवाट. साबणाच्या पाण्याने फरशी धुतलीत तर साध्या तेलाचंही तेच होतं.

तपासणी : मेमध्ये डाईक पाण्याने भरा, पातळीवर खडूची रेघ मारा, चोवीस तासांनी बघा. बादलीभर पाणी शेजारी उघडं ठेवा, म्हणजे उन्हाने किती आटलं ते कळेल. त्याहून जास्त उतरलं तर भेग आहे.

## टप्पा ५ : भरणं आणि उतरवणं

टाकी क्वचित फुटते. सांडतं ते बहुतेक तेल एका भांड्यातून दुसऱ्यात घेताना. म्हणून टँकर आल्यावरची कामं कागदावर क्रमाने लिहा आणि तो कागद टाकीपाशीच लावा.

१. ऑर्डर देण्याआधी डिप घ्या, म्हणजे पट्टी बुडवून टाकीतलं तेल मोजा. ५,००० लिटरची टाकी ९० टक्क्यांपर्यंतच भरायची, म्हणजे ४,५००. आत १,८०० आहेत, तर २,७०० मागवा. तीन हजार आले तर उरलेले तीनशे ‘बसतील कसेतरी’ म्हणून दाबू नका, परत पाठवा.

२. टँकर थांबला की चाकांना लाकडी ठोकळे. इंजिन बंद, हँडब्रेक. डिझेल असेल तर अर्थिंगची वायर आधी, होज नंतर.

३. जवळच्या गटाराच्या जाळीवर रबरी मॅट टाका. जोडाखाली ट्रे ठेवा.

४. डाईकचा व्हॉल्व्ह बंद असल्याचं हाताने बघा.

५. सुरुवातीची दोन मिनिटं हळू. प्रत्येक जोडावर नजर फिरवा, मगच वेग वाढवा.

६. संपेपर्यंत आपला एक माणूस आणि टँकरचा ड्रायव्हर दोघेही तिथेच. चहा तिथे आणून द्या. टाकी वरून वाहिल्याच्या मला माहीत असलेल्या तीनही प्रसंगांत दोघे टपरीवर होते.

७. होज सोडण्याआधी रिकामा करा. दोन इंची, सहा मीटर लांब होजमध्ये बारा लिटर तेल असतं. ते ट्रेमध्ये, जमिनीवर नाही.

इशारा : थंडीत फर्नेस ऑइल दाट होतं. ते चालावं म्हणून उघड्या ज्योतीने पाइप तापवणारे अजूनही सापडतात. असा माणूस दिसला की काम थांबवा.

## टप्पा ६ : किट, पण आता

किट घ्यायची वेळ आता आली, कारण कुठे किती सांडेल हे टप्पा ३ मध्ये कळलंय. तयार किट महाग वाटत असेल तर स्वतः भरा : कोरडा भुसा झाकणाच्या पिंपात, वाळूच्या अर्ध्या भरलेल्या पिशव्या, प्लास्टिकचं फावडं, घमेली, रबरी मॅट, तेलाला चालणारे हातमोजे, रिकामं बॅरल, जाड प्लास्टिक पिशव्या, गळती तात्पुरती बुजवायची पुट्टी. पिशव्या अर्ध्याच भरा, गच्च भरलेली पिशवी गटाराच्या आकाराला बसत नाही.

किट कुलपात ठेवू नका आणि टाकीच्या भिंतीलाही लावू नका. सांडल्यावर तिथेच जाता येत नाही. वाऱ्याच्या नि उताराच्या वरच्या बाजूला, वीस-पंचवीस पावलांवर.

पेटीवरच्या सूचना इंग्रजीत असतात. त्या काढून कन्नड, मराठी आणि हिंदीत लिहा. आमच्याकडे मशीनवर कडोलीचा पोरगा, हेल्पर बैलहोंगलचा आणि लोडिंगला बिहारची माणसं असं असतं. तिघांनाही वाचता आलं पाहिजे.

## टप्पा ७ : सांडलंच तर पहिली दहा मिनिटं

१. ओरडा. शिफ्ट इनचार्जला शोधत हिंडू नका.

२. तेल कोणतं ते ओळखा. पेट्रोल किंवा थिनर असेल, वास उग्र असेल, तर माणसं मागे घ्या, वाऱ्याच्या वरच्या बाजूला जा आणि ११२ ला फोन करा. वाफेच्या ढगात शिरून लाइटचा किंवा पंपाचा स्विच दाबू नका, वीज लांबून मेनला बंद करा.

३. हायड्रॉलिक किंवा फर्नेस ऑइलसारखं असेल तर उगम बंद करा : पंप, व्हॉल्व्ह, आडवं झालेलं बॅरल उभं.

४. मग गटार आधी, डबकं नंतर. नव्वद टक्के लोक समोर दिसणाऱ्या डबक्यावर भुसा टाकत बसतात आणि कडेने धार गटारात जात असते. मॅट टाका, पिशव्या लावा, टप्पा १ मधल्या क्रमांकाची वाट बंद करा. दोन माणसं असतील तर एक उगमाकडे, एक गटाराकडे.

५. आता डबक्याभोवती बाहेरून आत असा भुसा.

६. किती सांडलं याचा अंदाज लिहा. १० चौरस मीटरवर १ मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे १० लिटर.

तेल ओढ्यापर्यंत पोचलंच, तर खालच्या बाजूला, पाणी संथ असेल तिथे, वाळूच्या पोत्यांचा छोटा बांध घाला आणि त्यातून एक पाइप तिरका बसवा. पाइपचं वरच्या प्रवाहाकडचं तोंड तळाशी, खालच्या प्रवाहाकडचं तोंड उंच. पाणी खालून निघतं, तेल बांधाआड राहतं, ते वरून उपसा. पाइप उलटा बसवला तर तेल आधी जाईल, आणि घाईत तो उलटाच बसतो. त्याच वेळी खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांना निरोप द्या, मोटरी बंद करायला सांगा. तो बाटलीवाला शेतकरी मला म्हणाला होता, “रात्रीच फोन केला असता तर मी बांध फोडूनच ठेवला नसता.”

हे करू नका : पाण्याने धुणं. साबण किंवा डिटर्जंट टाकणं. तेलाला डिझेल लावून पुसणं. माती टाकून झाकणं. शेवटच्या दोन गोष्टींनी उचलायचा माल दुप्पट होतो.

## टप्पा ८ : उचललेल्या मालाचं काय

तेलकट भुसा, चिंध्या, वाळू हा घातक कचरा आहे, महापालिकेच्या गाडीचा नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे तो ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, नोंद फॉर्म ३ मध्ये, पाठवताना फॉर्म १० ची कागदपत्रं, आणि वर्षाचं विवरण फॉर्म ४ वर ३० जूनपर्यंत कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला. अपघात झाला असेल तर फॉर्म ११. नाल्यात सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीसची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, सार्वजनिक गटारात २०. डोळ्याला तवंग दिसत असेल तर प्रयोगशाळेची वाट न बघता पाणी थांबवा.

जुनं तेल भंगारवाल्याला किंवा शटरिंगला लावायला सेंट्रिंगवाल्याला देणं ही आपल्याकडची जुनी रीत. ते अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं, पावतीवर.

फाउंड्रीवाल्यांसाठी एक वेगळा इशारा : जवसाच्या तेलावर आधारलेलं कोअर ऑइल (साच्यातल्या वाळूचे गाभे बांधायचं तेल) पुसलेल्या चिंध्या ढीग करून ठेवल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात भिजवून ठेवा.

## टप्पा ९ : तालीम

वर्षातून दोनदा, त्यातली एक तिसऱ्या शिफ्टला आणि न सांगता. तेलाऐवजी पाणी आणि तूस ओता, घड्याळ लावा. पहिली मॅट गटारावर पडायला किती वेळ लागला, एवढंच लिहा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर किटची जागा चुकली आहे किंवा किल्ली कुणाच्यातरी खिशात आहे.

तालमीनंतर आराखड्यातला प्रत्येक फोन नंबर तिथल्या तिथे लावून बघा. आमच्या एका फाइलीत पहिलाच नंबर लावला तर केटरिंगवाल्याने उचलला आणि विचारलं, “किती ताटं?”